लेकीला फेडरल प्रॉसिक्युटर व्हायचंय. एफबीआय आणि न्याय खात्याच्या निःपक्षपातीपणावर भरवसा ठेवावा का?

पारिजात_व्हर्जिनिया

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

आमची मोठी लेक लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही राहतो तिथून अलेक्झांड्रियाचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कोर्ट गाडीने वीस मिनिटांवर. आठवीत असताना शाळेने मुलांना तिथे एक सुनावणी बघायला नेलं होतं. सरकारी वकील बाई उभ्या राहिल्या आणि आपलं नाव सांगून म्हणाल्या, 'युनायटेड स्टेट्सच्या वतीने'. त्या दिवशी घरी आल्यावर लेकीने आरशासमोर उभं राहून तेच वाक्य दहा वेळा म्हटलं. तेव्हापासून तिचं ठरलेलं आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये त्याच जिल्ह्याचे यूएस ॲटर्नी, म्हणजे केंद्राचे तिथले मुख्य सरकारी वकील, एरिक सीबर्ट यांना जावं लागलं. त्यानंतर आठवड्याच्या आत, २५ सप्टेंबरला, एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर आरोप ठेवले गेले. त्या वीकेंडला लेक घरी आली होती. भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आई, उद्या मी 'युनायटेड स्टेट्सच्या वतीने' म्हणेन तेव्हा नक्की कोणाच्या वतीने उभी असेन?" मला उत्तर देता आलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, हे खातं आधीपासूनच एका बाजूला झुकलेलं होतं, आता दुसऱ्या बाजूला झुकलंय एवढंच. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला माझ्याकडे पुरेशी माहितीही नाही. जेवताना रोज हाच विषय निघतो आणि भाजी गार होते.

तर प्रश्न असा: एखादी केस राजकीय आकसातून झाली की खरोखर गुन्हा होता म्हणून, हे आपल्यासारख्या सामान्य माणसाने ओळखायचं कसं? आणि लेकीला काय सांगायचं? पक्षांची भांडणं नकोत, अनुभव आणि माहिती हवी आहे.

कोकणकडा

ताई, तुमच्या यजमानांच्या बाजूने मी बोलतो. ह्यूस्टनला वीस वर्षं आहे, मत कुठे देतो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

२०१६ ते २०१९मध्ये जे झालं ते विसरून चालणार नाही. ट्रम्पच्या प्रचाराचे रशियाशी धागेदोरे होते का, या तपासात प्रचारातला माणूस कार्टर पेज याच्यावर पाळत ठेवायला एफबीआयने गुप्त कोर्टाकडे चार वेळा परवानगी मागितली, एक मूळ अर्ज आणि तीन मुदतवाढी. न्याय खात्याचेच इन्स्पेक्टर जनरल (खात्याच्या कारभाराची अंतर्गत तपासणी करणारे) मायकल हॉरोविट्झ यांच्या डिसेंबर २०१९च्या अहवालाने त्या अर्जांत १७ गंभीर चुका आणि दडवलेल्या गोष्टी दाखवल्या. एफबीआयच्या एका वकिलाने तर ईमेलमधला मजकूरच बदलला. केव्हिन क्लाइनस्मिथ त्याचं नाव, त्याने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा काय, तर प्रोबेशन. तपास करणारा पीटर स्ट्रझोक ऑफिसच्या फोनवरून ट्रम्पविरुद्ध मेसेज पाठवत होता. उद्या तुमच्यामाझ्याबद्दल असा अर्ज गेला तर? त्या गुप्त कोर्टात आपला वकील नसतो. समोर फक्त सरकार.

आज जे आरडाओरडा करतायत, त्यातले किती जण तेव्हा बोलले? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

शंकाखोर

आणि न्यूयॉर्कात ट्रम्पला ३४ कलमांवर दोषी ठरवलं ते? तेही न्याय खातंच ना?

ध्रुवबाळ

@शंकाखोर, नाही. तो खटला न्यूयॉर्क राज्याचा होता. चालवला मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नीने, जो निवडून येतो, त्याला वॉशिंग्टनहून कुणी नेमत नाही. मे २०२४चा तो निकाल राज्याच्या कोर्टातला. फेडरल खटले दोन, दोन्ही न्याय खात्याने नेमलेले विशेष वकील जॅक स्मिथ यांनी चालवलेले: एक फ्लोरिडात कागदपत्रांचा, एक वॉशिंग्टनला निवडणुकीचा. ही गल्लत फार होते. आमच्या गणपतीच्या पूजेला आलेले निम्मे पाहुणे हेच म्हणत होते, म्हणून लिहिलं.

@कोकणकडा, त्या १७ चुका खऱ्या आहेत, मी एकही नाकारत नाही. पण तोच अहवाल पुढे म्हणतो की तपास सुरू करण्याचा निर्णय राजकीय पूर्वग्रहातून झाला याचा कागदोपत्री किंवा साक्षीतला पुरावा सापडला नाही. आणि तपास सुरू झाला त्याच वर्षी, २०१६मध्ये, त्याच एफबीआयच्या संचालकाने, म्हणजे कोमींनी, मतदानाला अकरा दिवस उरले असताना, २८ ऑक्टोबरला काँग्रेसला पत्र लिहून हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलचा विषय पुन्हा उकरून काढला. ट्रम्पवरच्या तपासाबद्दल मात्र तेव्हा अवाक्षर नाही. आता सांगा, एफबीआय कोणाच्या बाजूची होती?

कोकणकडा

अहवालाचं तुमचं वाक्य बरोबर आहे. पण पूर्वग्रह कुणी कागदावर लिहून ठेवतं का? सगळ्या १७ चुका एकाच दिशेने कशा पडल्या, याचं समाधानकारक उत्तर हॉरोविट्झ यांनाही मिळालं नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

हौशी_इतिहासकार

थोडं मागे जाऊ या, कारण 'आधी सगळं स्वच्छ होतं' हेही खरं नाही.

जे. एडगर हूवर १९२४ ते १९७२, म्हणजे ४८ वर्षं एफबीआयच्या मुख्य खुर्चीत बसून होते. मरेपर्यंत. राष्ट्राध्यक्ष आले नि गेले, हूवरना हात लावायची कुणाची छाती झाली नाही, कारण प्रत्येकाची फाइल त्यांच्याकडे. १९५६पासून 'कोइंटेलप्रो' नावाचा छुपा उद्योग चालू होता. कम्युनिस्ट, कृष्णवर्णीयांच्या चळवळी, युद्धविरोधी विद्यार्थी, कू क्लक्स क्लॅनसुद्धा. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४मध्ये निनावी पत्र गेलं, त्यांनी जीव द्यावा असं सुचवणारं. ते लिहिलं होतं एफबीआयच्या माणसांनी.

हे बाहेर कसं आलं? ८ मार्च १९७१च्या रात्री अली आणि फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत होती, सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला. ती वेळ साधून आठ साध्या नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावातलं एफबीआयचं छोटं ऑफिस फोडलं आणि सुटकेसमध्ये भरून फाइली नेल्या. पुढे टपालाने वर्तमानपत्रांना पाठवल्या. ते कधीच पकडले गेले नाहीत. २०१४मध्ये त्यांतल्या काहींनी स्वतःहून नावं सांगितली. तोवर ते आजीआजोबा झाले होते.

मग वॉटरगेट. २० ऑक्टोबर १९७३, शनिवारची रात्र. राष्ट्राध्यक्ष निक्सन म्हणाले, माझी चौकशी करणाऱ्या विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्सला काढा. ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांच्या खालच्या रकल्सहाउस यांनीही हात वर केले, तेही गेले. तिसऱ्या बोर्क यांनी कॉक्सना काढलं. त्यानंतर फोर्ड यांनी शिकागो विद्यापीठाचे एडवर्ड लेव्ही यांना ॲटर्नी जनरल म्हणून आणलं. त्यांनी १९७६मध्ये एफबीआयला देशांतर्गत तपासाची लेखी चौकट घालून दिली. त्याच वर्षी कायद्याने संचालकाची मुदत दहा वर्षांवर बांधली. कार्टर यांच्या काळापासून व्हाइट हाउसने चालू खटल्यांबद्दल खात्यात कुणाशी बोलायचं यावरही बंधनं आली.

पण यातलं बरंचसं प्रथा आणि परिपत्रक आहे, कायदा नव्हे. दहा वर्षांची मुदत ही कमाल मर्यादा आहे, संरक्षण नाही. कोमींना २०१७मध्ये चौथ्याच वर्षी काढलं, त्यांच्या जागी आलेल्या रे यांनी मुदत संपायच्या आत जानेवारी २०२५मध्ये खुर्ची सोडली. प्रथा पाळणारी माणसं असतील तोवरच ती प्रथा.

मोगरा_पुणे

इथे पुण्यात बसून वाचतेय आणि सारखं वाटतंय, नावं बदलली की हा धागा आमचाच. २०१३मध्ये कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं होतं. तेव्हा जे विरोधात होते ते टाळ्या वाजवत होते. आज ईडी आणि सीबीआयबद्दल नेमकी तीच तक्रार दुसरी बाजू करतेय. सीबीआयचा संचालक पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश मिळून निवडतात, पण २०२१पासून त्याला एकेक वर्षाची वाढ देत पाच वर्षांपर्यंत ठेवता येतं. दर वर्षी मुदतवाढीची वाट बघणारा अधिकारी किती ताठ मानेने काम करेल?

हौशी_इतिहासकार

मोगरा, हा फरक मोलाचा आहे. तिथे वाढीची आशा, इथे काढून टाकण्याची भीती. ईडीवर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे तो विषय सुरू झाला तर पारिजातताईंचा प्रश्न वाहून जाईल.

थालीपीठ

वॉशिंग्टनच्या सँडविचवाल्या माणसाचं कुणीच लिहिलं नाही! ऑगस्ट २०२५मध्ये त्याने फेडरल अधिकाऱ्याच्या छातीवर सबमरीन सँडविच फेकून मारलं. सरकारला त्याच्यावर मोठा गुन्हा लावायचा होता, ग्रँड ज्युरीने नकार दिला. (ग्रँड ज्युरी म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारा साध्या नागरिकांचा गट.) मग छोटा गुन्हा लावला, तर नोव्हेंबरमध्ये ज्युरीने निर्दोष सोडला. आमच्या मुंबईत वडापाव फेकला असता तर लोकांनी आधी विचारलं असतं, गरम होता का?

रानजाई

थालीपीठ, हसले खूप. पण 'ग्रँड ज्युरीने नकार दिला' हे वाक्य वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण मी त्या खोलीत बसलेली आहे. त्या प्रकरणाच्या नव्हे, दुसऱ्याच राज्यात, बऱ्याच वर्षांपूर्वी.

नागरिकत्व मिळून दोन वर्षं झाली होती. टपालात समन्स आलं. वाटलं नेहमीची ज्युरी ड्यूटी, तीन दिवसांत सुटू. गेल्यावर कळलं फेडरल ग्रँड ज्युरी, दर बुधवारी, वर्षाच्या वर. आत कोणत्या केस आल्या आणि आम्ही काय ठरवलं हे आजही सांगता येत नाही आणि सांगणारही नाही. पण पद्धत कशी असते ते उघड आहे, तेवढं लिहिते.

कमीत कमी १६, जास्तीत जास्त २३ माणसं. आमच्यात एक शाळेची बस चालवणारे काका, एक दातांच्या दवाखान्यातली मुलगी, एक निवृत्त सैनिक, आणि साडीतल्या आईला रोज व्हिडिओ कॉल करणारी मी. न्यायाधीश खोलीत नसतो. आरोपीचा वकील नसतो. साक्षीदाराला वकील असला तर तो बाहेर बाकावर. बोलणार फक्त सरकारी वकील. म्हणून लोक म्हणतात की ग्रँड ज्युरी सरकार सांगेल त्यावर शिक्का मारते.

पण मत देताना एक गोष्ट होते. सरकारी वकील आपले कागद गोळा करतो, टंकलेखन करणारी बाई आपलं यंत्र सोडून उठते, आणि दोघं बाहेर जातात. दार लागतं. एअर कंडिशनरचा आवाज एकदम मोठा वाटायला लागतो. मग आम्हीच. आमच्यातलीच एक जण हात मोजून कागदावर आकडा लिहायची. आरोप ठेवायला १२ हात लागतात. बस चालवणारे काका दर वेळी हात वर करण्याआधी चष्मा काढून पुसायचे. एकदाही चुकले नाहीत. मी त्यांच्याकडे बघून शिकले की हे काम घाईने करायचं नसतं.

पारिजातताई, खातं कोणाच्या हातात आहे हे मला माहीत नाही. पण लेकीला ते दार दिसू दे. प्रत्येक केसमध्ये एक क्षण असा येतो की वकिलाला खोलीबाहेर जावं लागतं.

पारिजात_व्हर्जिनिया

रानजाई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. जेवताना पहिल्यांदाच दोघंही गप्प बसलो.

ध्रुवबाळ

रानजाईंच्या दाराच्या मुद्द्यावर कोमींची केस नीट बघा.

कोमींनी ३० सप्टेंबर २०२० रोजी सिनेटपुढे दिलेली साक्ष खोटी होती, हा आरोप. आरोप ठेवायची पाच वर्षांची मुदत संपायला जेमतेम दिवस उरलेले. २० सप्टेंबर २०२५ला राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर ॲटर्नी जनरलना 'पॅम' म्हणून हाक मारत, कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांची नावं घेऊन, कारवाई का होत नाही असं जाहीरपणे विचारलं. सीबर्ट गेले होतेच. त्यांच्या जागी आल्या लिंडसी हॅलिगन. आधी विम्याच्या खटल्यांतल्या वकील, नंतर ट्रम्प यांच्या वकील. फौजदारी खटला चालवण्याचा अनुभव शून्य. ग्रँड ज्युरीपुढे त्या एकट्या गेल्या. तीन कलमांपैकी एक ग्रँड ज्युरीने नाकारलं, दोन मंजूर केली.

पुढे जेम्स यांच्यावरही आरोप ठेवले गेले. २४ नोव्हेंबरला न्यायाधीश करी यांनी हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा ठरवली आणि कोमी आणि जेम्स दोघांवरचे आरोप रद्द झाले. डिसेंबरमध्ये जेम्स यांच्यावर पुन्हा आरोप ठेवायचा प्रयत्न झाला. ग्रँड ज्युरीने नाही म्हटलं. आठवड्याभरात दुसऱ्या ग्रँड ज्युरीपुढे गेले, तिनेही नाही म्हटलं. दोन वेगळ्या खोल्या, दोन वेगळे गट.

कोमी निर्दोष आहेत की नाहीत यावर मी बोलत नाही, गुन्ह्याच्या मुळाशी तो निकाल गेलेलाच नाही. मी फक्त क्रम बघतोय. आधी माणूस ठरला, मग कलम शोधलं, मग सही करायला तयार असलेला हात शोधला.

कोकणकडा

@ध्रुवबाळ, क्रमाचा मुद्दा मान्य. कोमी मला काडीचे आवडत नाहीत, तरी असं व्हायला नको होतं. ते लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

आता तुमच्या बाजूचा क्रम बघा. हंटर बायडनवरचा खटला जून २०२४मध्ये बायडन यांच्याच काळात चालला, ज्युरीने दोषी ठरवलं. बाप म्हणाला होता, माफी देणार नाही. १ डिसेंबर २०२४ला दिली, तीही जवळजवळ अकरा वर्षांतल्या सगळ्या फेडरल गुन्ह्यांसाठी. आणि वर कारण काय, तर माझ्या मुलाला राजकारणातून लक्ष्य केलं. म्हणजे आपल्याच न्याय खात्यावर अविश्वास दाखवणारे बायडनच!

ध्रुवबाळ

त्या माफीचं मी त्या दिवशीही समर्थन केलं नाही, आजही करत नाही. आमच्या घरी भाऊ आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो त्यावरून. पण त्याच खात्याने त्याच काळात न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सिनेटर बॉब मेनेंडेझ यांना दोषी ठरवून आणलं, ११ वर्षांची शिक्षा झाली. हंटरचा खटला चालवणारे डेव्हिड वाइस हे ट्रम्प यांनीच नेमलेले यूएस ॲटर्नी, बायडन यांनी त्यांना हलवलं नाही. हेही त्याच पानावर लिहायला हवं.

अलास्कावारी

तुम्ही सगळे ट्रम्प आणि बायडनमध्येच अडकलात. अँकरेजला सात हिवाळे काढले आहेत, तिथली गोष्ट सांगते.

विमानतळावर उतरलं की पाटीवर नाव दिसतं, टेड स्टीव्हन्स. अलास्काचे रिपब्लिकन सिनेटर, चाळीस वर्षं. जुलै २००८मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला. एका तेल सेवा कंपनीने त्यांच्या गर्डवूडच्या घराची दुरुस्ती करून दिली आणि त्यांनी ते सिनेटच्या फॉर्मवर दाखवलं नाही, असा आरोप. २७ ऑक्टोबरला ज्युरीने दोषी ठरवलं. आठ दिवसांनी मतदान. चार हजारांहून कमी मतांनी हरले.

मग हळूहळू बाहेर आलं की सरकारी वकिलांनी स्टीव्हन्स यांच्या फायद्याचा पुरावा दाबून ठेवला होता. एप्रिल २००९मध्ये ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी स्वतः खटला मागे घेतला. न्यायाधीश सलिव्हन इतके संतापले की सरकारी वकिलांचीच चौकशी लावली. पाचशेहून जास्त पानांचा अहवाल २०१२ला आला. तोवर स्टीव्हन्स विमान अपघातात गेले होते, ऑगस्ट २०१०मध्ये.

आता लक्षात घ्या. खटला भरला तेव्हा सरकार कोणाचं? बुश यांचं, म्हणजे त्यांच्याच पक्षाचं. मागे कुणी घेतला? ओबामांच्या ॲटर्नी जनरलने. पक्षाच्या चष्म्यातून बघितलं तर हे उलटं दिसतं. त्या वकिलांना रिपब्लिकनांचा राग नव्हता, त्यांना जिंकायचं होतं. माझ्या शेजारची म्हातारी मासे साफ करता करता म्हणायची, "टेडची सीट गेली ती गेली, माफी मागून मत परत येत नाही."

म्हणून पारिजातताई, लेकीला पक्षपाताइतकीच ही दुसरी गोष्ट सांगा. आपल्या विरुद्ध जाणारा कागद दिसला की तो समोरच्या वकिलाला द्यायचा. त्याच दिवशी.

शंकाखोर

एक शंका. आकसाने खटला भरला असं आरोपीला वाटलं तर त्याने कोर्टात तसं सांगायचं ना, बास. एवढा ऊहापोह कशाला?

कोकणकडा

सांगता येतं, सिद्ध करणं महाकठीण. १९९६च्या आर्मस्ट्राँग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकारकडून नुसते कागद मागायचे तरी आधी तू दाखवायचं की तुझ्याचसारखं वागलेल्या इतरांना सोडलं. ते कागद सरकारकडेच. कुलूप उघडायला किल्ली हवी आणि किल्ली कुलपाच्या आत. शिवाय फेडरल खटल्यांत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी कबुलीजबाब देऊन मोकळे होतात. वकिलाचा खर्च, नोकरी, घर, किती दिवस लढणार माणूस? खटला भरणं हीच शिक्षा असते.

नागपूरचे_वकीलकाका

मुली, तुझा धागा तीन दिवस वाचतो आहे. आता माझं वय एक्याऐंशी. विदर्भातल्या एका जिल्ह्यात वर्षानुवर्षं सरकारी वकील होतो. अमेरिकेचं मला पुस्तकातलंच ठाऊक, मुलगा तिकडे आहे म्हणून वाचत असतो.

रॉबर्ट जॅक्सन यांनी ॲटर्नी जनरल असताना एप्रिल १९४०मध्ये फेडरल वकिलांपुढे केलेलं भाषण लेकीने वाचावं. पुढे ते न्यूरेंबर्गला नाझींविरुद्ध उभे राहिले. त्यांचा सांगण्याचा आशय असा: कायद्याच्या पुस्तकात इतकी कलमं आहेत की जवळजवळ कुणावरही काहीतरी लावता येईल. धोका तिथे आहे जिथे वकील खटला निवडण्याऐवजी माणूस निवडतो. ध्रुवबाळांनी क्रमाचं लिहिलं ते हेच.

आमच्याकडे जुन्या फौजदारी संहितेत कलम ३२१ होतं, नव्या संहितेत ते ३६० झालं. सरकारी वकील कोर्टाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. त्यात मेख अशी की निर्णय वकिलाने स्वतःच्या डोक्याने घ्यायचा. सरकारने सुचवावं, पण वकील हा टपालपेटी नव्हे. तुमच्या अमेरिकेतही खटला मागे घ्यायला न्यायाधीशाची परवानगी लागते. न्यूयॉर्कचे महापौर एरिक ॲडम्स यांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५मध्ये वरून हुकूम आला, खटला मागे घ्या. तिथल्या प्रभारी यूएस ॲटर्नी डॅनिएल ससून, रिपब्लिकन विचारांच्या, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया यांच्या हाताखाली काम केलेल्या. त्यांनी सही केली नाही, राजीनामा दिला. त्यांच्या मागे आणखी काही गेले. शेवटी न्यायाधीश हो यांनी खटला रद्द केला, पण असा की तो पुन्हा कधी उभा करता येऊ नये. म्हणजे महापौराच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवून सरकारला काम करून घेता येणार नाही. मला तो निकाल फार आवडला.

ओळखायचं कसं, हा तुझा प्रश्न. मी इतकं बघतो: कायम नोकरीतल्या माणसाने सही केली की त्याला बाजूला सारून कुणी दुसऱ्याने? फोन कुठून आला? आणि हाच नियम काल दुसऱ्याला लावला होता का? एवढं कळलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. कधी कधी नाहीही होत.

पारिजात_व्हर्जिनिया

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद लेकीला फोनवर वाचून दाखवला. तिला मराठी कळतं, वाचताना अडखळते. तिने एकच विचारायला सांगितलंय: तुम्हाला कधी तसा फोन आला होता का? आणि आला असेल तर त्या संध्याकाळी घरी काय झालं?

कोकणकडा

मलाही ऐकायचंय, काका.

नागपूरचे_वकीलकाका

आला होता. एकदा. कोणाचा ते सांगत नाही, त्या घरची मुलं आता मोठी झाली आहेत.

एक दंगलीचा खटला होता. आरोपींमध्ये एका पुढाऱ्याचा पुतण्या. साक्षीदार चांगले होते, एक तर पायाने अधू झालेला चहावाला. अर्ज टाइप होऊनच माझ्या टेबलावर आला, खटला मागे घ्यावा म्हणून, खाली माझं नाव, सहीला जागा. मी पेन काढलं. अर्ज दोनदा वाचला. त्यात माझ्या नावाने लिहिलं होतं की मी पुरावा तपासला आणि तो अपुरा वाटला. मी पुरावा तपासला होता आणि तो पुरेसा होता. मग खोटं कसं लिहायचं? मी तो कागद तसाच परत पाठवला. पंधरा दिवसांत तो खटला माझ्याकडून काढला. दुसऱ्याने सही केली, कोर्टाने संमती दिली. चहावाला नंतर कोर्टाच्या आवारात दिसायचा, मला नमस्कार करायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा शर्टाच्या खिशाखाली शाईचा हा एवढा डाग. पेनाला टोपण लावायचं राहिलं होतं. बायकोने आधी डागाबद्दलच विचारलं. मी सांगितलं सगळं. तिने शर्ट पाण्यात टाकला, ताकाने डाग निघतो का बघितलं, निघाला नाही. मग म्हणाली, "घरात घालायला होईल." पुढे कित्येक वर्षं मी तो घरात घातला.

रानजाई

काका, नमस्कार तुम्हाला आणि काकूंना.

पारिजात_व्हर्जिनिया

वाचून दाखवलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "आई, शर्टाचं परत वाच."

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी ती दोन अर्ज करणार आहे. एक फेडरल प्रॉसिक्युटरच्या ऑफिसात, एक गरीब आरोपींची बाजू घेणाऱ्या फेडरल डिफेंडरच्या ऑफिसात. म्हणाली, दाराच्या दोन्ही बाजूंना बसून बघते, मग ठरवते. तिचे बाबा तिचा अर्ज तपासून देतायत. कोकणकडा, तुमची कुलूप-किल्लीची ओळ त्यांनी वहीत उतरवून घेतली आहे.

थालीपीठ

अर्जाचं काय झालं ते इथेच कळवा ताई. धागा वाचनखुणेत टाकलाय.